एका दुधाच्या बाटलीचा खटला

दसरा उलटला की आमच्या घरी माळ्याची आवराआवर निघते. यंदा निम्मे सामान भंगारात काढायचे असे मी दरवर्षी मनाशी घोकते, आणि दरवर्षी तेच सामान पुसूनपासून, नव्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुन्हा वर चढते. यंदा मदतीला लेक होती. पाच महिन्यांच्या नातीला घेऊन ती माहेरी आलेली. ‘हे’ स्टुलावर उभे राहून एकेक वस्तू खाली देत होते आणि लेक ती घेत होती. त्यात एक जुनी पत्र्याची ट्रंक निघाली. ट्रंकेत लेकीची बाळलेणी, दोन कुंच्या, विटलेली झबली, आणि सगळ्यांच्या तळाशी जुन्या मऊ पातळात गुंडाळलेली एक दुधाची बाटली.

ती बाटली पाहून मला कोण आनंद झाला! १९९१ साली माझ्या नणंदेने ती अमेरिकेहून आणली होती. काचेसारखी लख्ख, पण फुटायची नाही. शेजारणी हातात घेऊन बघून जायच्या. मी कौतुकाने ते सगळे सांगू लागले, तर लेक गप्प. ती आत गेली आणि बाळासाठी नुकत्याच आणलेल्या बाटलीचे खोके घेऊन आली. खोक्यावर ठसठशीत छापले होते, ‘बीपीए-मुक्त’.

“आई, म्हणजे ह्या जुन्या बाटलीत ते होतं ना?”

“असणारच. पॉलिकार्बोनेट त्याचंच करतात.”

ती थोडा वेळ बाटलीशी चाळा करीत राहिली. मग हळूच म्हणाली, “मग माझी ती सगळी औषधं... त्याचं कारण हेच तर नसेल?”

लग्नानंतर सहा वर्षे तिला मूल नव्हते. अंतःस्रावांचा समतोल बिघडला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. औषधे, इंजेक्शने, तपासण्या, पुन्हा औषधे! त्या सहा वर्षांत आम्ही दोघींनी किती रात्री जागून काढल्या ते आमचे आम्हांला ठाऊक. तिने सहज विचारलेला तो प्रश्न म्हणूनच माझ्या काळजात रुतून बसला.

त्यातून गंमत अशी की, मी स्वतः एकतीस वर्षे कॉलेजात रसायनशास्त्र शिकविले आहे. फिनॉलचे दोन रेणू, ॲसिटोनचा एक, आणि त्यांपासून तयार होणारे ‘बिस्फिनॉल ए’, म्हणजेच बीपीए, ही क्रिया मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. नावातला तो ‘ए’ म्हणजे ॲसिटोन, हे मुले परीक्षेत हमखास विसरत. आणि हीच रसायनशास्त्राची बाई घरी येऊन ती बाटली वीस वीस मिनिटे खळखळा उकळीत होती, धुण्याच्या सोड्याने घासत होती! उष्णता आणि सोडा ह्या दोहोंनी पॉलिकार्बोनेटचे बंध तुटतात आणि मूळचे बीपीए मोकळे होते, हे मला तत्त्वतः ठाऊक नव्हते असे थोडेच? परंतु ते मोकळे झाल्याने काय होते, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

आमचे ‘हे’ ठाण्याच्या कोर्टात दिवाणी वकिली करून निवृत्त झालेले. त्या रात्री ते म्हणाले, “अगं, तू असं रडत बसण्यापेक्षा ह्या बाटलीवर रीतसर खटला चालवू. रसायन तू सांग, कायदा मी बघतो.” पुढचे तीन आठवडे आमचे फराळाचे टेबल कागदांनी भरून गेले. त्या खटल्याची ही हकीकत.

विरजणाचा न्याय

प्रथम अंतःस्राव म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. गळ्यातली थायरॉइड, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी, स्त्रीची अंडाशये, पुरुषाची वृषणे अशा ग्रंथींमधून काही द्रव्ये थेट रक्तात मिसळतात. त्यांना आपण संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतो. वाढ, वयात येणे, पाळी, गर्भारपण, झोप, भूक ह्या सगळ्या गोष्टींची निरोपे पोचविणारी ही टपालवाली मंडळी. त्यांचे प्रमाण मात्र विलक्षण सूक्ष्म. स्त्रीत्वाचे मुख्य संप्रेरक रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ग्रॅमच्या अब्जांश भागाहूनही कमी असते.

गृहिणींना हे समजावून सांगायला विरजणाइतके चांगले उदाहरण नाही. लीटरभर दुधाला चमचाभर विरजण पुरते. शिवाय ते केव्हा लावले ह्यालाही महत्त्व असते. दूध कोमट असताना लावले तर दही, उकळत्या दुधात टाकले तर नासाडी. संप्रेरकांचेही असेच. मोठ्या माणसात जी मात्रा काहीच करीत नाही, ती पोटातल्या गर्भाच्या एखाद्या नेमक्या आठवड्यात त्याच्या घडणीत कायमचा फरक करू शकते.

आता बाहेरचे एखादे रसायन ह्या संप्रेरकांसारखे दिसू लागले, किंवा त्यांची वाट अडवून बसले, तर? कुलपात खोटी किल्ली गेली तर ते भलत्या वेळी उघडते, नाहीतर खरी किल्ली आत जात नाही. अशा रसायनांना शास्त्रज्ञ ‘अंतःस्रावांत बिघाड करणारी रसायने’ म्हणतात.

जुने विषशास्त्र एका साध्या नियमावर उभे आहे. मात्रा जितकी जास्त तितका अपाय जास्त, आणि एका ठराविक मर्यादेखाली अपाय नाही. सगळे कायदे ह्याच नियमाला धरून झाले. जनावराला अपाय होणारी मात्रा शोधायची, तिला शंभराने किंवा हजाराने भागायचे आणि माणसासाठी मर्यादा ठरवायची. विरजणाच्या न्यायाने चालणारी रसायने ह्या चौकटीत नीट बसत नाहीत. कायद्याची सगळी ओढाताण तिथून सुरू होते.

डॉड्ससाहेबांची दोन रसायने

आमच्या खटल्यातला पहिला पुरावा बाटलीच्या जन्माच्याही आधीचा निघाला. बीपीए प्रथम १८९१ मध्ये दियानिन ह्या रशियन रसायनशास्त्रज्ञाने तयार केले. त्याचा उपयोग कोणालाच सुचला नाही. पुढे लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स हे संशोधक स्त्री-संप्रेरकाला स्वस्त पर्याय शोधीत होते. १९३६ मध्ये त्यांनी बीपीए अंडाशये काढून टाकलेल्या उंदरिणींना टोचून पाहिले. परिणाम दिसला! हे रसायन दुबळे का होईना, पण स्त्री-संप्रेरकासारखे वागते, हे तेव्हाच छापून आले.

दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, डॉड्स ह्यांना बीपीएहून कितीतरी प्रभावी द्रव्य सापडले, डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस. तोंडावाटे घेता येणारे, करायला स्वस्त, आणि पेटंट न घेतलेले. मग काय, अनेक कंपन्यांनी ते बाजारात आणले. बीपीए औषध म्हणून मागे पडले आणि विस्मरणात गेले.

ते परत आले ते वेगळ्याच वेषात. १९५३ मध्ये जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स ह्यांनी एकमेकांना पत्ता नसताना बीपीएपासून पॉलिकार्बोनेट तयार केले. काचेसारखे पारदर्शक आणि हातोड्यालाही दाद न देणारे! बाटल्या, चष्म्यांची भिंगे, पाण्याचे मोठे कॅन, आणि बीपीएच्याच दुसऱ्या एका रूपाने डबाबंद अन्नाच्या डब्यांचे आतले अस्तर, अशी त्याची घोडदौड सुरू झाली. १९३६ चा तो निबंध ग्रंथालयात होताच, पण औषधवाले तो विसरले होते आणि प्लॅस्टिकवाल्यांना तो वाचण्याचे कारण नव्हते.

प्रश्न आईनेच विचारला

डीईएसची कथा इथे सांगणे भाग आहे, कारण संप्रेरकांची नक्कल करणारे रसायन काय करू शकते हे जगाला तिनेच शिकविले. १९४७ पासून अमेरिकेत हे औषध गर्भपात टळावा म्हणून गर्भवतींना देण्यास सरकारी मान्यता होती. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात सुमारे सोळाशे गर्भवतींवर नीट चाचणी झाली आणि औषधाचा काडीचाही उपयोग होत नाही असे दिसून आले. तरीही पुढे अठरा वर्षे ते दिले जात राहिले.

मग बोस्टनमध्ये एक चमत्कारिक गोष्ट घडली. योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग, जो तरुण मुलींत जवळजवळ कधीच पाहण्यात येत नसे, तो अशाच मुलींत आढळू लागला. डॉक्टर गोंधळले. तेव्हा एका आजारी मुलीच्या आईनेच त्यांना विचारले, “ही पोटात असताना मी डीईएस घेत होते, त्याचा काही संबंध असेल का?” डॉक्टर हर्बस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला. आठ रुग्ण मुलींपैकी सात जणींच्या आयांनी ते औषध घेतले होते. एप्रिल १९७१ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकन सरकारने गर्भवतींना हे औषध देऊ नये असा इशारा दिला. तोवर आया आणि मुले मिळून पन्नास लाख ते एक कोटी लोकांच्या अंगात ते गेले होते. कर्करोग झाला तो हजारात एखादीला, परंतु इतर अनेकींना गर्भाशयाच्या रचनेतले दोष आणि गर्भपात ह्यांना तोंड द्यावे लागले.

हे वाचताना मी त्या अनोळखी आईपाशी अडखळले. औषध तिने मुलीच्या भल्यासाठीच घेतले होते. आणि बोट स्वतःकडे वळते आहे हे दिसत असूनही तिने प्रश्न विचारला. तिने विचारले म्हणून बाकीच्या मुली वेळेवर तपासल्या गेल्या.

ह्या मुली कोर्टात गेल्या तेव्हा नवाच पेच पडला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आईने घेतलेली गोळी सुमारे दोनशे कंपन्यांपैकी नेमकी कोणाची, हे सांगणार कोण? दिवाणी दाव्यात प्रतिवादीच सापडत नाही म्हटल्यावर दावा निकालात निघायचा. परंतु १९८० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सिंडेल खटल्यात नवा मार्ग काढला. ज्या कंपनीचा बाजारात जेवढा हिस्सा, तेवढा तिचा भरपाईत हिस्सा! हा निकाल वाचून आमचे ‘हे’ खुर्चीतून उठून येरझारा घालू लागले. “काय निकाल आहे! असा न्यायाधीश मला जन्मात एकदाही भेटला नाही,” असे दोनदा म्हणाले.

आरोपीचे हक्क

मग मी त्यांना माझा मुख्य प्रश्न विचारला. एवढे सगळे १९७१ मध्ये कळूनही १९९१ मध्ये बीपीएची बाटली उजळ माथ्याने विकली कशी जात होती?

ते म्हणाले, “कारण कायद्याने रसायनांना आरोपीचे हक्क दिले. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे माणसांसाठी ठीक आहे. तुम्ही तेच रसायनांना लावलंत. गुन्हा शाबीत होईपर्यंत ते निर्दोष, आणि शाबीत करायची जबाबदारी ज्याला अपाय झाला त्याच्यावर!”

ही नुसती उपमा नव्हे. अमेरिकेने १९७६ मध्ये विषारी द्रव्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला, तेव्हा आधीच बाजारात असलेली सुमारे बासष्ट हजार रसायने तपासणीशिवाय जशीच्या तशी राहू दिली. बीपीए त्यांतलेच एक. तो कायदा नीट दुरुस्त व्हायला २०१६ साल उजाडले. मध्यंतरी १९९१ मध्ये थिओ कोलबर्न ह्या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी निरनिराळ्या शास्त्रांतल्या जाणकारांना एकत्र बसविले. पक्षी, मासे, मगरी ह्यांच्या प्रजननात दिसणारे बिघाड आणि डीईएसच्या मुली ह्यांच्यामागे एकच सूत्र असावे, असे त्या बैठकीतून निघाले. माझी नणंद जी बाटली घेऊन आली तीही त्याच वर्षी! १९९६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कीटकनाशकांची ह्या दृष्टीने तपासणी करण्याचा कायदा केला. पण कारखान्यांना तपासणीचे पहिले हुकूम सुटले ते २००९ मध्ये. तेरा वर्षांत मूल सातवीत जाते!

युरोपने वाट थोडी वेगळी धरली. २००७ मध्ये अमलात आलेल्या तिथल्या रसायन-कायद्याचे सूत्रच असे की, माहिती नाही तर बाजार नाही. आपला माल सुरक्षित आहे हे दाखविण्याचे ओझे कारखानदारावर. कीटकनाशकांबाबत तर २००९ चा कायदा आणखी पुढे गेला. त्याचा मुद्दा समजायला आपली विळी आठवावी. विळी ही धोक्याची वस्तू, हा तिचा गुणधर्म. रांगते मूल तिच्याजवळ जाण्याचा संभव किती, ही जोखीम. अमेरिकन पद्धत जोखीम मोजते आणि म्हणते, विळी उंच फळीवर ठेवा. युरोपचा कायदा म्हणाला, माणसाच्या अंतःस्रावांत बिघाड करणारे कीटकनाशक असेल, तर ती विळी घरातच नको. अपवाद फक्त माणसाशी संबंध नगण्य असेल तेव्हा.

परंतु ‘बिघाड करणारे’ कोणाला म्हणायचे? व्याख्या ठरविण्याची मुदत होती डिसेंबर २०१३. युरोपीय आयोगाने ती टाळली. व्याख्येमुळे व्यापाराचे काय होईल ते आधी पाहू, असे म्हणत बसला. तेव्हा स्वीडनने चक्क आयोगालाच कोर्टात खेचले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने आयोगाने कायदा मोडल्याचा निकाल दिला. शास्त्रीय व्याख्या करताना नफ्यातोट्याचा हिशेब मध्ये आणायचा नसतो, असा त्याचा आशय. अखेर २०१८ मध्ये कसोट्या लागू झाल्या. तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. अपाय होतो, रसायन अंतःस्रावांच्या कामात ढवळाढवळ करते, आणि अपाय त्या ढवळाढवळीमुळेच होतो. ह्यातली तिसरी सिद्ध करणे सर्वांत कठीण, हे कोणताही वकील सांगेल.

उंदरांचे पिंजरे कोणी धुतले?

आता पुन्हा बाटलीकडे. बीपीएला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले ते खरोखरच एका पिंजऱ्याने. १९९८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड येथे पॅट्रिशिया हंट ह्या बाई उंदरिणींच्या बीजांडांचा अभ्यास करीत होत्या. एकाएकी निरोगी उंदरिणींचीही बीजांडे बिघडलेली दिसू लागली. गुणसूत्रांची वाटणी चुकत होती. शोधता शोधता कळले की, पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या कोणीतरी चुकून भलत्याच, तीव्र धुण्याच्या द्रवाने धुतल्या होत्या. प्लॅस्टिक झिजले, बीपीए सुटले आणि उंदरिणींच्या पोटात गेले. खात्री करण्यासाठी हंटबाईंनी मुद्दाम तसे करून पाहिले आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

हे वाचले आणि मी चष्मा काढून ठेवला. धुण्याचा सोडा, उकळते पाणी, धुरकट झालेली बाटली! माझ्या ओट्यावर मी दुसरे काय केले होते?

पुढे अमेरिकेतल्या सहा वर्षांवरील लोकांच्या लघवीच्या सरकारी तपासणीत दर शंभरांतल्या त्र्याण्णव जणांत बीपीए सापडले. मग मात्र बायका जाग्या झाल्या. दुकानांत आया विचारू लागल्या, आणि सरकारांआधी दुकानदारांनीच माल उचलला. २००८ मध्ये कॅनडाने बीपीएच्या दुधाच्या बाटल्यांवर बंदी घालण्याचे जाहीर केले, जगात सर्वांआधी. युरोपात १ मार्च २०११ पासून अशा बाटल्या बनविणे आणि १ जूनपासून विकणे बंद झाले. अमेरिकेने २०१२ मध्ये परवानगी काढून घेतली, पण मोठ्या खुबीने! बीपीए अपायकारक आहे म्हणून नव्हे, तर कारखानदारांनी ते बाटल्यांत वापरणे आता सोडून दिले आहे म्हणून. तशी विनंती खुद्द रसायन उद्योगाच्या संघटनेनेच केली होती. “म्हणजे आरोपीला गावाबाहेर घालवलं, पण गुन्हा काही नोंदवला नाही,” ‘हे’ म्हणाले.

सुरक्षित मर्यादेचा आकडा कसा घसरत गेला ते पाहण्यासारखे आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००६ मध्ये रोज शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मायक्रोग्रॅम बीपीए चालेल असे सांगितले. २०१५ मध्ये तो आकडा ४ वर आला. एप्रिल २०२३ मध्ये ०.२ नॅनोग्रॅम! म्हणजे ४ चा वीसहजारावा भाग, आणि मूळ आकड्याचा अडीच लाखावा. सगळ्यांना हे पटले असे मात्र नाही. जर्मनीच्या संस्थेने ह्याच्या हजारपट अधिक मर्यादा योग्य ठरविली. जाणत्यांमध्ये इतका मतभेद असताना कायदा करणाऱ्याने काय करावे? युरोपने सावधगिरीची बाजू घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीएला बंदी करणारा नियम झाला. तो २० जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि बदल करायला बहुतेक मालाला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली.

ह्या नियमात आणखी एक शहाणपण आहे. ‘बीपीए-मुक्त’ म्हणून विकलेल्या कित्येक वस्तूंत बीपीएच्या जागी बीपीएस हे त्याचे सख्खे भावंड घातलेले असे, आणि त्याचे गुणही घरच्यासारखेच निघाले. एका भावाला बंदी केली की दुसरा टोपी बदलून हजर! म्हणून नव्या नियमाने ह्या कुळातल्या घातक ठरलेल्या इतर मंडळींवरही निर्बंध घातले.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात ह्या विषयावर वेगळा असा एक कायदा नाही. तुकड्यातुकड्यांनी नियम आहेत. दुधाच्या बाटल्यांचा १९९२ चा कायदा चांगला कडक आहे. मूळ हेतू आईच्या दुधाला उत्तेजन देण्याचा. त्यामुळे बाटलीची जाहिरात करता येत नाही आणि मानक ब्युरोच्या चिन्हाशिवाय बाटली विकता येत नाही. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे मानक आयएस १४६२५. २०१५ मध्ये ते सुधारले तेव्हा बाटली बीपीए-मुक्त असावी अशी अट आली. म्हणजे आपल्या लेकराचे रक्षण करणारा नियम आपल्याकडेही आहे. अंमलबजावणीचे मात्र विचारू नका. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक ह्या संस्थेने २०१९ मध्ये बाजारातल्या बाटल्या आणि पेले तपासून घेतले, तेव्हा त्यांत बीपीए सापडलेच.

मोठा धडा केरळाचा आहे. कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वीस वर्षांहून अधिक काळ विमानातून एंडोसल्फान फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या शाळकरी मुलग्यांची तपासणी केली. त्या मुलांचे वयात येणे लांबलेले दिसले. २००३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तरी देशभर बंदी आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०११ च्या आदेशाने. २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा हुकूम झाला.

‘ह्यां’नी ह्यात एक जुना निकाल काढून दाखविला, तो मला फार मोलाचा वाटला. १९९६ मध्ये वेल्लोरच्या कातडी कारखान्यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, सावधगिरीचे तत्त्व हा आपल्या देशाच्या कायद्याचाच भाग आहे, आणि आपल्या उद्योगाने अपाय होत नाही हे दाखविण्याचे ओझे उद्योग करणाऱ्यावर आहे. म्हणजे न्यायाधीशांनी रसायनांचे ‘आरोपीचे हक्क’ तत्त्वतः तेव्हाच काढून घेतले. आता प्रत्येक वस्तूच्या नियमांत ते उतरवायचे काम उरले आहे.

निकाल

आणि माझ्या लेकीच्या प्रश्नाचे उत्तर?

मी तिला जवळ बसविले आणि खरे ते सांगितले. “बाळ, हे कोणालाच सांगता यायचं नाही. डीईएस पकडलं गेलं, कारण त्याने केलेला आजार इतका दुर्मीळ होता की तोच चोराचा माग झाला. तुझा आजार घरोघर आहे. त्याला अनुवंश आहे, वजन आहे, आणखी दहा कारणं आहेत. त्यात ह्या बाटलीचा वाटा किती, की मुळीच नाही, हे एका माणसाकडे बघून कोणतंही शास्त्र सांगू शकत नाही.”

ती म्हणाली, “मग कायदा तरी काय कामाचा?”

उत्तर तिच्या वडिलांनी दिले. “अगं, म्हणूनच तर कायदा लागतो! एकेकट्याला जे सिद्ध करता येत नाही, ते सगळ्यांसाठी आधीच टाळायचं. कोर्टात मागाहून न्याय मिळतो, पण तोवर मूल मोठं झालेलं असतं.”

ती थोडी हसली. मग माझा हात धरून म्हणाली, “आई, तू मला सोड्याने धुतलेल्या बाटलीतून दूध पाजलंस, कारण तुला जंतूंची भीती होती. त्यात तुझं चुकलं नाही.” तेवढ्यासाठी मी तीन आठवडे कागद उपसत होते की काय, कोण जाणे!

वाचक भगिनींसाठी आमच्या खटल्यातून निघालेल्या चार गोष्टी सांगते. बाटली घ्यायचीच असेल तर मानक चिन्ह पाहून घ्यावी, काचेची मिळाल्यास उत्तम. चरे पडलेली, धुरकट झालेली प्लॅस्टिकची बाटली माया न करता टाकावी. गरम वरण, गरम दूध प्लॅस्टिकमध्ये ओतू नये, आणि प्लॅस्टिकच्या डब्यात अन्न तापवू नये. स्टीलचा डबा आपल्या स्वयंपाकघरात पूर्वापार आहे, त्याला रजा देऊ नये. दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांच्या कागदालाही बीपीए लावीत असत. युरोपने २०२० पासून ते जवळपास बंद केले. अशा पावत्या मुलांच्या हाती खेळायला देऊ नयेत. आणि ह्या सगळ्याची धास्ती घेऊन झोप मात्र उडवू नये. गर्भवतीने तर नाहीच.

त्याच ट्रंकेत बाटलीच्या शेजारी आणखी एक वस्तू होती. सासूबाईंनी माझ्या लेकीसाठी दिलेले चांदीचे बोंडले. अमेरिकन बाटलीच्या दिमाखात मी ते एकदाही वापरले नव्हते. लेकीने ते चिंचेने लख्ख घासून घेतले. येत्या महिन्यात नातीचे उष्टावण आहे. बोंडले ओट्यावर आले आहे, आणि ती जुनी बाटली माझ्या टेबलावर, ह्या कागदांवर वजन म्हणून ठेवली आहे. फुटत नाही, हे मात्र खरे!